कुलूप लावण्याआधी

मागच्या महिन्यात पुण्याहून एक खोकं आलं. मुलाने पाठवलं होतं. उघडलं तर आत पांढऱ्या प्लास्टिकचं एक यंत्र, वर झाकणाचा डबा आणि खाली वाडगं. वेळ लावून ठेवली की त्या त्या वेळेला मोजून तेवढेच दाणे वाडग्यात पडतात. दुसऱ्या लहान खोक्यात कॅमेरा. तो भिंतीवर लावायचा आणि जगात कुठेही बसून मोबाईलवर आपलं घर बघायचं, त्यातून बोलायचंसुद्धा. संध्याकाळी फोन आला, "आई, तुझ्या चिंगीची काळजी मिटली. आता दोघं तीन महिने निवांत जा."

चिंगी म्हणजे आमची मांजर, हे नातेवाइकांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. चार वर्षांपूर्वी पावसात भिजून आमच्या जिन्याखाली आली आणि राहिली. तीन महिन्यांचं प्रकरण असं, की न्यू जर्सीला लेकीचं दुसरं बाळंतपण आहे, ऑक्टोबरात. आई म्हणून जाणं भागच आहे. मांजर पुण्याला नेता येत नाही, कारण नातवाला दम्याचा त्रास आणि डॉक्टरांनी केसाळ प्राणी घरात नको म्हणून सांगितलंय. म्हणून हे यंत्र.

मुलाचं प्रेम मला कळतं. पण खरं सांगू का, ते खोकं बघून माझ्या पोटात गोळा आला. का, ते सांगण्यासाठी आधी मोत्याची गोष्ट सांगावी लागेल. ही गोष्ट मी आजवर पूर्ण कुणाला सांगितलेली नाही. आमच्या ह्यांना ठाऊक आहे, बस्स.

मोत्या आमचा गावठी कुत्रा. २०१९ च्या मे महिन्यात पुण्यात थोरल्या नातवाची मुंज होती. चार दिवसांचा बेत. मोत्याला कुठे ठेवायचं? घराच्या मागे आमचं परस आहे, अर्ध्यावर पत्रा टाकलेला. तिथे दोन बादल्या पाणी भरून ठेवलं. ओळखीतल्या एका मुलाला मागच्या दाराची किल्ली दिली, दोनशे रुपये दिले, रोज दोन वेळा भाकरी-दूध आणि पाणी बघायचं सांगितलं. गल्लीत कुणाला चावू नये म्हणून मोत्याला साखळी लावली. लांब साखळी होती हो, पण साखळीच. मग पुढच्या दाराला कुलूप लावलं आणि पुण्याची गाडी गाठली.

मुंज छान झाली. तिसऱ्या दिवशी नातवाला ताप भरला म्हणून आणखी दोन दिवस राहिलो. मी रोज त्या मुलाला फोन करत होते. तो म्हणायचा, "टाकायलो की बाई, कामून काळजी करायलात?" मी निश्चिंत. पुढे कळलं, की पहिले दोन दिवस तो आला होता. मग त्याच्या मामाकडे लग्न निघालं. खोटं बोलणं चूक होतं, पण त्याला सोळावं वर्ष होतं आणि मी सत्तरीला टेकलेली. जबाबदारी माझी होती, ती मी दोनशे रुपयांत त्याच्या गळ्यात घातली होती.

सहाव्या दिवशी पहाटे परत आलो. एक बादली उपडी पडलेली, दुसरी कोरडी. साखळीला पीळ पडून पडून ती हातभर उरलेली. मोत्या मोरीच्या तोंडाशी, जिथे थोडी ओल होती तिथे, जीभ टेकवून पडला होता. परभणीचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंश, आणि वर तापलेला पत्रा. मला बघून त्याने शेपटी हलवली. दोनदा. ते मी जन्मात विसरणार नाही. ओरडला असता, चावला असता तर बरं वाटलं असतं.

आपल्या परभणीचं भाग्य, की इथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. रिक्षात घालून तिथल्या दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं. तो वाचला. पण त्यानंतर मी कुलूप हातात घेतलं, साधं भाजी आणायला निघाले तरी, की मोत्या उठून मोरीपाशी जाऊन बसायचा. २०२१ साली म्हातारा होऊन गेला तोवर त्याची ही सवय सुटली नाही. आम्ही त्या दोन वर्षांत दोघांनी मिळून घराबाहेर एक रात्रही काढली नाही. मंडळींना वाटायचं, कोरोनामुळे. खरं कारण हे.

असो. सांगायचा मुद्दा असा, की मी त्याला उपाशी मारायला निघाले नव्हते. सगळी सोय केली होती. "सगळी सोय केलीय" हेच वाक्य मला आता भीतीदायक वाटतं.

आम्ही सातवी-आठवीत होतो तेव्हा लायकाचं नाव सामान्यज्ञानात पाठ करायचो. अंतराळातून पृथ्वीला प्रदक्षिणा घालणारा पहिला प्राणी. ३ नोव्हेंबर १९५७ ला रशियाने स्पुटनिक-२ मधून तिला वर पाठवलं. मॉस्कोच्या रस्त्यावरची भटकी कुत्री ती. तिच्यासाठी हवेची सोय होती, जेलीसारखं खाणं आपोआप मिळायची सोय होती. परत आणायची सोय तेवढी नव्हती. ती काही दिवस जगली असं आम्हाला, म्हणजे साऱ्या जगाला, कितीतरी वर्षं सांगितलं गेलं. २००२ साली एका रशियन शास्त्रज्ञाने उघड केलं, की ती काही तासांतच गेली होती. भुकेने नाही, उकाड्याने आणि भीतीने. यानाची खोली तापली होती. त्या मोहिमेत काम केलेल्या ओलेग गाझेन्को यांनी १९९८ मध्ये म्हातारपणी जाहीरपणे पश्चात्ताप बोलून दाखवला होता. ते वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर आमच्या परसातला पत्रा आला. खाण्याचं यंत्र होतं, पण खोली तापली. आपण सगळे खाण्याचा विचार करतो, कारण प्रेम म्हणजे खाऊ घालणं हे आपल्या डोक्यात पक्कं आहे. उन्हाळ्यात जीव जातो तो पाण्यावाचून आणि उष्म्याने. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो. खोलीतली हवाच तापली की धापा टाकून काय उपयोग!

दुसरी गोष्ट साखळीची. जपानी लोकांचा अंटार्क्टिकावर शोवा नावाचा तळ आहे. फेब्रुवारी १९५८ मध्ये हवामान इतकं बिघडलं, की माणसं कशीबशी परत आली आणि घसरगाड्या ओढणारे पंधरा कुत्रे मागे राहिले, साखळीला बांधलेले. दुसरी तुकडी लगेच येणार होती, म्हणून थोडं खाणं ठेवलं होतं. ती तुकडी पोचलीच नाही. जवळजवळ वर्षाने, १४ जानेवारी १९५९ ला, माणसं परत गेली तेव्हा दोन कुत्रे जिवंत सापडले, तारो आणि जिरो. सात कुत्रे जागच्या जागी साखळीतच मेलेले होते. बाकीचे निसटून कुठेतरी गेले. जे सुटले त्यांतलेच दोघे जगले, बांधलेल्यांतलं कुणीही नाही. ती माणसं दुष्ट नव्हती. त्यांनाही वाटलं होतं, थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे.

परतीची तारीख आपल्या हातात नसते, हे आपण २०२० साली सगळ्यांनी अनुभवलं. २२ मार्चला जनता कर्फ्यू, २५ पासून लॉकडाऊन. आमच्या गल्लीतलं एक कुटुंब आठवड्यासाठी हैदराबादला गेलं होतं, ते दोन महिने अडकलं. घरात पिंजऱ्यात लव्हबर्डची जोडी. नशीब की शेजारणीकडे किल्ली होती. किल्ली नसती तर? म्हणून माझं म्हणणं, चार दिवसांसाठी जाताना आठ दिवसांची तजवीज करावी आणि तीन महिन्यांसाठी जाताना... यंत्रावर तर मुळीच भरवसा ठेवू नये.

यंत्राचीही परीक्षा घेतली बरं का. उगीच नावं ठेवायला नकोत. मानवतला चुलत दिरांकडे दोन दिवस जायचं होतं. यंत्र लावलं, कॅमेरा लावला, दोन वाडग्यांत पाणी ठेवलं. संध्याकाळी मोबाईलवर बघितलं तर दाणे पडले, चिंगीने खाल्ले. मला कोण आनंद! ह्यांनी सांगितलं, बोल तिच्याशी. मी म्हटलं, "चिंगेऽऽ". ती उठली. कॅमेऱ्याकडे आली, त्याच्या मागे बघितलं, मग दाराशी गेली, परत कॅमेऱ्यामागे बघितलं. मग भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. मी पुन्हा बोलले नाही. नुसता आवाज देऊन आपण न भेटणं, हा त्यांच्या दृष्टीने काय प्रकार असेल देव जाणे. रात्री वादळ झालं, वीज गेली आणि कॅमेरा काळा पडला. दुसरा दिवस सगळा काळाच. यंत्र सेलवर चालत होतं, पण घरी येऊन बघते तर वाडग्याला मुंग्या लागलेल्या आणि चिंगी कपाटावर उपाशी बसलेली. एकच दिवस उपाशी होती म्हणून निभावलं. मांजराने दोन-तीन दिवस काही खाल्लंच नाही तर त्याच्या यकृतावर चरबी चढून ते दगावू शकतं, हे मला नंतर पशुवैद्यांनी सांगितलं. म्हणजे "मांजर काय, राहील तशीच" हेही खरं नाही.

मुलगा म्हणाला, "आई, पूर्वी तरी कुठे एवढी काळजी घेत होता तुम्ही?" हा प्रश्न मात्र चांगला आहे. त्यावर मी बराच विचार केला. पूर्वी काळजी घेत नव्हतो, कारण घराला कुलूपच लागत नव्हतं. माझं माहेर गंगाखेड तालुक्यातलं. घरी शेत, दोन बैल, एक गाय, कुत्रं, मांजरं तर मोजतच नव्हतो. वडील आणि काका दोघेही वारकरी, पण वारीला एका वर्षी एकच जायचा. दुसरा मागे राहायचा, कारण दुभत्या जनावराला सुट्टी नसते. दोन्ही वेळा धार काढली नाही तर कास सुजते, दगडी होते. मागे राहणाऱ्याला कुणी बिचारा म्हणायचं नाही. वारीहून आलेला पहिल्यांदा त्याच्या पाया पडायचा. मला ते लहानपणी कळायचं नाही. आता कळतं. घरातलं कुणीतरी मागे राहतं म्हणून बाकीच्यांना जाता येतं, आणि त्याचंही पुण्य तेवढंच.

आता मागे राहायला कुणी नाही. आमच्याच गल्लीत बघा, नऊ घरांपैकी चार घरांत फक्त म्हातारा-म्हातारी. मुलं पुण्याला, हैदराबादला, परदेशात. मुलं गेली, मग सोबतीला कुत्रं किंवा मांजर आलं. आणि मुलांकडे जायचं म्हटलं की त्याच सोबतीला कुलपात ठेवायचं. यात कुणाचा दोष, मला सांगता येत नाही.

कायदाही आहे बरं का. १९६० सालचा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा. पाळलेल्या प्राण्याला पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं आणि उपासमार होईल अशा स्थितीत त्याला सोडून देणं, दोन्ही त्याच्या अकराव्या कलमात गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड किती लिहिलाय? १० ते ५० रुपये. मी त्या मुलाला दिले त्याच्या चौथा हिस्सा! कायद्याच्या भीतीने कुणी काळजी घेईल ही आशा सोडा. (आणि हो, आपला पिंजऱ्यातला पोपट, तो तर वन्यजीव कायद्याने पाळायलाच बंदी आहे. "पोपट ठेवायला येता का" असं मला विचारू नका.)

मग करायचं काय? तीन महिने लेकीकडे न जाता मांजर राखत बसायचं? तसं मी म्हणत नाही. आपल्याकडे नामदेवांची गोष्ट आहे, भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावल्याची. त्यांचं नरसी आता हिंगोली जिल्ह्यात आहे, १९९९ पर्यंत आपल्याच परभणी जिल्ह्यात होतं. ही गोष्ट मी वर्गात तीसेक वर्षं रंगवून सांगितली आणि घरी मोत्याला साखळी घातली. तेव्हा उपदेश नको. चुकांतून जे शिकले ते सांगते.

कुत्रं एकटं ठेवायचं तर दिवसाचे सहा-आठ तास, त्याहून जास्त नाही. रात्रभर तर नाहीच. त्याला माणूस लागतो. चार दिवसांसाठी जायचं असेल तर त्याला माणसाच्या घरी ठेवा, नाहीतर माणसाला त्याच्या घरी आणा. मांजराचं उलट. त्याला घर लागतं. त्याची जागा बदलू नका, पण रोज कुणीतरी येऊन जायला हवं, आणि नुसतं दाणे टाकून नाही. दहा मिनिटं बसायला हवं, खाल्लं की नाही, शी-शू झाली की नाही बघायला हवं. गाय-म्हैस असेल तर प्रश्नच मिटला, तुम्ही कुठे जात नाही :)

किल्ली एकाकडे नको, दोघांकडे हवी, आणि त्या दोघांना एकमेकांचा फोन नंबर माहीत हवा. लहान मुलावर सोपवू नका. पैसे देणार असाल तर पोरगं म्हणून नको, कामाचे म्हणून द्या, आणि "जमत नसेल तर मला सांग, मी रागावणार नाही" हे वाक्य आधी बोला. मी ते बोलले असते तर त्या मुलाने फोनवर खरं सांगितलं असतं असं मला आजही वाटतं. भिंतीवर कागद चिकटवा. किती खातो, कशाला घाबरतो, डॉक्टरांचा नंबर, आणि "मला विचारत बसू नका, आधी दवाखान्यात न्या" हे सहीनिशी. थोडे पैसे पाकिटात ठेवा. कुत्र्याचं रेबीजचं इंजेक्शन झालंय हे बघणाऱ्याला दाखवा, म्हणजे तो न घाबरता जवळ जाईल.

पाणी तीन ठिकाणी, जड भांड्यात. दगडी डोणी किंवा मातीची कुंडी सगळ्यांत उत्तम. प्लास्टिकची बादली उपडी होते, हे मी वेगळं सांगायला नको. कूलर-पंख्यावर विसंबू नका, आपल्याकडची वीज तुम्हाला माहीत आहे. पत्र्याखाली नको. आतली जाड भिंतीची खोली आणि जाळीची खिडकी हवी. साखळी नको. उंदराचं औषध, प्लास्टिकच्या पिशव्या, सुतळ्या उचलून ठेवा. पुराचं पाणी शिरणाऱ्या भागात राहत असाल तर बांधून तर मुळीच जाऊ नका. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात काय झालं, दावणीला किती जनावरं गेली, ते आपण बघितलं आहे. अमेरिकेत २००५ च्या कॅटरिना वादळात कितीतरी लोक आपलं कुत्रं-मांजर सोडून निघेनात म्हणून पुरात अडकले. तेव्हा पुढच्याच वर्षी कायदा करावा लागला, की संकटकाळच्या योजनेत पाळीव प्राणीही धरायचे. माणूस वाचवायचा तर त्याचं जनावरही धरावं लागतं, हे त्यांना वादळाने शिकवलं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, रंगीत तालीम. आधी एक रात्र, मग दोन दिवस, असं जाऊन बघा.

आता आमचं काय ठरलं ते सांगते. परभणीत कृषी विद्यापीठ आहे. दरवर्षी गावोगावची मुलं-मुली शिकायला येतात, खोल्या शोधत फिरतात. आणि आमच्यासारखी घरं रिकामी. गेल्या पंधरवड्यात ओळखीच्या एका शिक्षिकेच्या भाचीशी बोलणं झालं. कृषीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घरी जनावरं आहेत, त्यामुळे हात सवयीचा. भाडं नाही, वीजबिल आमचं. तिने फक्त घरात राहायचं आणि चिंगीला बघायचं. पहिल्या दिवशी चिंगी तिच्या ओढणीवर जाऊन झोपली. माझं थोडं तोंड पडलं, खोटं कशाला बोलू! पण रात्री झोप लागली. परवा तिच्यावर घर सोपवून चार दिवस पुण्याला जाऊन आलो. तिनेच रोज संध्याकाळी फोन केला. एक दिवस म्हणाली, "बाई, आज चिंगीनं जरा कमी खाल्लं." मला हेच हवं होतं. कमी खाल्लं म्हणून सांगणारं यंत्र मी अजून बघितलेलं नाही. मुलगा म्हणतो तसंही निघालंय. निघालं असेल, पण कमी का खाल्लं म्हणून जवळ घेऊन बसणार कोण?

मुलाचं यंत्र फेकलेलं नाही. ती मुलगी कॉलेजला असताना दुपारचे दाणे त्यातून पडतात. त्याच्या वाडग्याखाली पाण्याची ताटली ठेवली, मुंग्या थांबल्या.

पांडवांच्या शेवटच्या प्रवासात धर्मराज म्हणाला होता, कुत्र्याला बाहेर सोडून मी स्वर्गात येणार नाही. आम्ही तर नुसतं अमेरिकेला चाललोय. (काही जणांना दोन्ही एकच वाटतं, तो भाग वेगळा.) त्याच्याइतकं मोठं होणं आपल्याला जमणारं नाही. पण निघताना दाराला बाहेरून कुलूप लावायची वेळ येणार नाही, आतून कडी लावणारं कुणीतरी असेल, एवढं जमलं. मोत्याला हे २०१९ साली द्यायला हवं होतं, ते चिंगीला मिळालं.

तुमच्याकडे कोण असतं मागे? जरूर सांगा. मला खरंच जाणून घ्यायचंय.